येळवशीचा सैपाक: नाताळच्या सुट्टीत गावी येणाऱ्यांसाठी

डिसेंबर लागला की लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळच्या घराघरांतून पुण्याला, मुंबईला, हैदराबादला फोन सुरू होतात. थंडी, तब्येत, लेकरांच्या परीक्षा एवढं बोलून झालं की गाडी मूळ विषयावर येते. “कवा यायलास रे? सुट्टी कवा लागायलीय?” पलीकडचा मुलगा नाताळच्या सुट्टीचं सांगत असतो आणि अलीकडची माय मनात येळवस मोजत असते. दोन्हींचा मेळ बसला तर घर भरतं. नाही बसला तर लेक आणि सून रजेचा अर्ज घेऊन साहेबापुढे उभी राहतात.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. सरकारी कागदावर तिचं नाव ‘दर्श वेळा अमावस्या’ असं येतं. मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, शेजारच्या काही भागांत आणि सीमेपलीकडे बीदर, कलबुर्गीकडे शेतात जाऊन साजरी होते. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. गावं आणि बाजारपेठा ओस पडतात, शिवारं माणसांनी फुलतात. शहरातून येणाऱ्या मंडळींना शेतातली पंगत चांगली माहीत असते, पण त्या पंगतीमागची तयारी त्यांनी क्वचितच पाहिलेली असते. खरा सण त्या तयारीतच आहे, म्हणून ती नीट समजून घेऊ.

तारीख दरवर्षी का सरकते?

इथं तीन हिशेब एकत्र येतात. अमावस्या चंद्राच्या चालीने येते, पीक ऋतूप्रमाणे पिकतं आणि सुट्टी इंग्रजी कॅलेंडरवर ठरलेली असते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे येळवस दरवर्षी तेवढी अलीकडे येते. अधिक महिना आला की ती एकदम अठरा-एकोणीस दिवसांनी पुढे जाते. 2022 मध्ये ती 23 डिसेंबरला होती. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, म्हणून पुढची येळवस थेट 11 जानेवारी 2024 ला पडली. त्यानंतर 30 डिसेंबर 2024 आणि मग 19 डिसेंबर 2025. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे त्या वर्षीच्या मार्गशीर्षातली अमावस्या 7 जानेवारी 2027 ला येते.

म्हणजे येळवस कधी नाताळच्या आधी येते, कधी नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधे, तर कधी संक्रांतीच्या तोंडावर. मराठी शाळांना नाताळची एकाच दिवसाची सुट्टी, इंग्रजी शाळांना आठ-दहा दिवसांची. त्यामुळे एकाच घरातली चुलत भावंडंसुद्धा एकदम मोकळी नसतात. फोनवरचं सगळं बोलणं या गणिताभोवती फिरतं.

हे सरकणं ताटातही दिसतं. घरणी आणि मांजरा नद्यांच्या या पट्ट्यातली जमीन काळी. हरभरा साधारण ऑक्टोबरात पेरतात. येळवस 19 डिसेंबरच्या सुमारास आली तर तूर ओली, हिरवीगार मिळते, पण हरभऱ्याचे घाटे अजून पोचट असतात. ती जानेवारीत गेली तर घाटे भरलेले असतात, ज्वारी हुरड्याला येऊ लागलेली असते आणि तूर मात्र वाळायला लागते. शिवारात त्या दिवशी जे ओलं आहे तेच भज्जीत जातं, म्हणून दोन सालांची भज्जी सहसा एकसारखी होत नाही.

भज्जी: आधी सोलणं, मग शिजवणं

परगावच्या माणसाला भज्जी म्हटलं की तळलेली भजी आठवतात. आपली भज्जी म्हणजे ओले दाणे, पालेभाज्या आणि बेसन यांची चिंचेच्या पाण्यातली दाटसर, आंबट भाजी. तुरीचे, वाटाण्याचे, वरण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, भुईमुगाचे दाणे, मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात, गाजर, वांगी असं मिळेल ते तिच्यात पडतं.

यातला सर्वांत मोठा वेळ सोलण्यात जातो. तुरीच्या शेंगेत चार-पाच दाणे आणि टरफलच जास्त. हरभऱ्याच्या घाट्यात एक किंवा दोन. पाटीभर शेंगा सोलाव्यात तेव्हा कुठे पातेल्याचा तळ झाकतो. हरभऱ्याच्या पाल्यावर आणि घाट्यावर आंब असते. सोलताना ती बोटांना चिकटते, नखाशी कुठे चिरलेलं असेल तर चांगलीच झोंबते. हे काम एकट्या बाईचं नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी अंगणात चवाळं पसरून आज्जी, काकी, आत्या, लेकरं आणि हाताशी सापडलेला प्रत्येक गडी बसतो, तेव्हा ते रात्रीपर्यंत उरकतं.

आता पंचवीसेक माणसांचा अंदाज घेऊ. सगळे मिळून दोन किलो ओले दाणे, दीड किलो पालेभाज्या आणि इतर भाज्या, पाऊण किलो बेसन, पाव किलो चिंच. हिरवी मिरची, लसूण आणि जिरं वाटून घ्यायचं. घरागणिक हे प्रमाण हलतं, क्रम मात्र सांभाळावा लागतो.

आधी मोठ्या पातेल्यात तेलावर वाटण परतायचं. त्यावर तूर, वरणा, हरभरा आणि शेंगदाणे घालून पाणी ओतायचं आणि दाणे बोटांनी दाबून मऊ लागेपर्यंत शिजवायचे. वाटाणा आणि गाजर-वांग्याच्या फोडी त्यानंतर, पालेभाजी सर्वांत शेवटी. चिंचेचा कोळ दाणे शिजण्याआधी कधीच घालायचा नाही. आंबट पाण्यात दाण्यांची आणि भाज्यांची वीण सैल व्हायला फार वेळ लागतो. कोळ आधी पडला तर तासभर उकळूनही तुरीचा दाणा दाताखाली कच्चा लागतो.

दाणे शिजले की बेसन गार पाण्यात कालवून त्यातच चिंचेचा कोळ मिसळायचा आणि बारीक धारेने पातेल्यात सोडायचा. दुसऱ्या हाताने ढवळणं सुरूच हवं. कोरडं बेसन उकळत्या पाण्यात टाकलं तर वरचा थर लगेच शिजून गुठळी बांधतो आणि आतलं पीठ तसंच राहतं. बेसन पडल्यावर आच कमी करून पंधरा-वीस मिनिटं रटरटू द्यायचं, म्हणजे कच्चा वास जातो. पातेलं चुलीवर असताना भज्जी थोडी पातळच ठेवायची. गार होता होता ती आळते आणि शेतात पोचेपर्यंत उंड्यासोबत खाण्याजोगी होते.

आंबील: घाई चालत नाही

आंबिलीची तयारी दोन-तीन दिवस आधी सुरू होते. आधी ताक साठवून आंबट करतात. ज्वारीचं पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडतात आणि चांगलं शिजवतात. ही पेज कोमट झाल्याशिवाय तिच्यात ताक घालायचं नाही. गरम पेजेत ताक फाटतं आणि आंबवणारे जिवाणूही मरतात. कोमट पेजेत ते जिवंत राहतात, वाढतात आणि रातभरात आंबटपणा आणतात. डिसेंबरातल्या थंडीत हे काम सावकाश चालतं, म्हणून एखादा दिवस जास्तीचा धरावा. पुण्यातल्या घरी करणाऱ्यांनी ती लगेच फ्रिजमध्ये ठेवू नये, आंबणं तिथेच थांबतं.

ठेवायची ती मातीच्या बिंदग्यात. मातीच्या भांड्यातून पाणी झिरपून उडत राहतं, त्यामुळे आतली आंबील थंड राहते आणि एकदम जास्त आंबत नाही. सकाळी मीठ, ठेचलेला लसूण आणि कोथिंबीर घातली की ती तयार. बिंदग्याला बाहेरून चुना आणि काव लावून सजवतात. शेताकडे निघताना ते घोंगडी पांघरलेल्या माणसाच्या डोक्यावर जातं. पुढे तो आणि मागे घरची सगळी, अशी वाट चालते.

बाकीचं ताट

बाजरीचे आणि ज्वारीचे उंडे हा भज्जीचा जोडीदार. पीठ कढत पाण्यात मळून, गोळे वळून उकडतात. बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. कढत पाण्याने त्यातला पिष्टाचा भाग फुगतो आणि गोळा एकजीव होतो, गार पाण्यात मळला तर तो उकडताना फुटतो. उंडे आदल्या रात्री करून ठेवले तरी चालतात. त्यांच्या जोडीला गव्हाची खीर, तिळाच्या आणि शेंगाच्या पोळ्या, धपाटे, दहीभात. प्रत्येक घरात एखादा पदार्थ एकाच बाईच्या हातचा ठरलेला असतो, आणि तो तिच्याकडून शिकून घ्यायला हीच वेळ बरी.

शिवारात

शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून, वर एकत्र बांधून कोप केलेली असते. आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुना-काव लावून मांडतात, लक्ष्मी मांडतात आणि वरून नवी शाल पांघरतात. घरून आणलेल्या प्रत्येक पदार्थाचा नैवेद्य आधी तिथे जातो. मग उभ्या पिकात आंबील शिंपडत शेताला फेरी होते आणि त्यानंतर पंगत बसते.

या पंगतीत घरच्यांपेक्षा पाहुणे जास्त असले तर यजमानाला धन्य वाटतं. ज्याला शेत नाही अशा शेजाऱ्याला, शाळेतल्या गुरुजींना, बदलून आलेल्या कर्मचाऱ्याला, जातधर्म न विचारता, आवर्जून बोलावणं जातं. एकाच दुपारी दोन-तीन कोपींवर जेवावं लागणं इथं सहज घडतं. नाताळच्या आठवड्यात गोव्यातली ख्रिस्ती घरंही नेवऱ्या आणि दोदोल भरलेली ताटं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवत असतात. आपल्या घरचं चांगलं रांधलेलं दुसऱ्याच्या मुखी लागावं ही ओढ दोन्हीकडे सारखीच आहे. पुण्या-मुंबईची लेकरं येताना केकचा डबा आणतात आणि तोही आता कोपीशेजारी उघडतो. त्याचं कुणालाच वावगं वाटत नाही.

जेवण झालं की लिंबाला किंवा आंब्याला बांधलेले झोके, पतंग, बोरं. उन्हं कलल्यावर काही शिवारांत बोळक्यात दूध उतू घालतात. अंधार पडताना पलित्यासारखा हेंडगा पेटवून तरणी पोरं शेताभोवती फिरतात आणि सगळे घराकडे वळतात.

अलीकडे एक अडचण वाढली आहे. खरिपात सोयाबीन पसरलं तशी ज्वारी कमी झाली आणि कोपीला कडबा शोधावा लागतो. पाऊस दगा देतो त्या साली तर ओले दाणेही लातूरच्या बाजारातून आणावे लागतात. तरीही सण मोडत नाही, कारण बाजारात सगळं मिळालं तरी ते सोलायला, निवडायला आणि ढवळायला माणसंच लागतात. चार माणसांपुरती भज्जी करून पाहा. खटपट तेवढीच होते आणि पातेल्यात दहा प्रकारचे दाणे आणि भाज्या मुठीमुठीने पडतात. ही भाजी मुळातच मोठ्या घराची आहे.

म्हणून सुट्टीचा बेत आखताना एक दिवस अलीकडचा धरा. येळवशीच्या सकाळी मोटारीतून थेट शेतात उतरलात तर जेवण मिळेल आणि आग्रहाने मिळेल. पण कुणाच्या लग्नाचं जमतंय, आज्जीचा गुडघा कसा आहे, कोणत्या भावाचं कर्ज फिटलं आणि कोण मनातून रुसलंय हे सगळं आदल्या संध्याकाळी शेंगा सोलतानाच बोललं जातं. हात कामात आणि नजर शेंगेवर असली की अवघड गोष्टही माणूस सहज बोलून जातो. पुढची येळवस 7 जानेवारी 2027 ची असली तर रेल्वेचं किंवा एसटीचं तिकीट 5 तारखेच्या रात्रीचं काढा, आणि मायचा फोन यायच्या आत आपणच तिला कळवा: “सोलायला येतोय, शेंगा ठेव.”