शतपावली शंभरावर थांबू नये!

‘दिवसभर पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरते गं मी, आता आणखी कुठं चालू?’ चालण्याचा विषय काढला की बहुतेक जणी हेच म्हणतात. त्यात खोटं काही नाही. सकाळचे डबे, नाश्ता, नोकरी, संध्याकाळची भाजी, रात्रीचा स्वयंपाक... पाय दुखतात हेही खरंच. पण ते चालून दुखतात की उभं राहून?

माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली, तेव्हा हा प्रश्न मला पडला. अजून मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. आईचं इन्सुलिन, पायाच्या जखमा हे सगळं मी जवळून पाहिलंय. डॉक्टर म्हणाले, ‘चालणं वाढवा.’ लेकीनं मोबाइलमध्ये पावलं मोजायची सोय करून दिली. आठवडाभर तो कुर्त्याच्या खिशात ठेवून वावरले. रोजची सरासरी आली ३,२०० पावलं! आपल्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात ओटा, सिंक आणि फ्रिज यांत अंतर दोन पावलांचं. राबणं भरपूर, पण सगळं उभ्यानं.

मग लक्ष्य किती ठेवायचं? सगळ्यांच्या तोंडी आकडा असतो दहा हजार. गंमत म्हणजे तो आला जपानमधून, १९६५ मध्ये बाजारात आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे. यंत्राच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’! पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे १६,७०० अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय होतं ७२. रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. फायदा साधारण ७,५०० पर्यंत वाढत गेला आणि मग स्थिरावला. म्हणजे दहा हजार झाली नाहीत म्हणून हिरमुसायचं कारण नाही. आणि सलग तासभर चालायलाच हवं असंही नाही. पूर्वी निदान दहा मिनिटं सलग व्यायाम झाला तरच तो धरावा असं सांगत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ती अट काढून टाकली. तुकड्या-तुकड्यानं चाललेलंही जमेस धरायचं!

मैत्रिणींनो, आपल्यासाठी ही केवढी सोयीची गोष्ट! कारण आपला वेळही तुकड्यातुकड्यातच मिळतो ना. बऱ्यापैकी भरभर चाललं तर मिनिटाला शंभरेक पावलं पडतात. हा हिशेब डोक्यात ठेवून मी दिवस पुन्हा मांडला. संध्याकाळी स्टेशनवरून शेअर रिक्षा न करता पंधरा मिनिटं चालत घरी : १,५००. दुपारी डबा खाल्ल्यावर ऑफिसच्या आवारात फेऱ्या : ५००. बहिणीचा रोजचा फोन कोचावर बसून नाही, तर गॅलरी ते हॉल येरझारा घालत : ८००. (गप्पांना आमच्याकडे कधीच तोटा नसतो!) पावसाळ्यात सोसायटीचा पॅसेज आहेच. चप्पल मात्र टाचेला पट्टा असलेली, घट्ट बसणारी हवी. साडीवरही ती चालते! गुडघ्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

राहिली शेवटची हजार पावलं. तीच सगळ्यात अवघड निघाली.

जेवणानंतर चाललं की पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून ती एकदम चढत नाही. साखर सीमेवर असलेल्यांनी तर ही दहा मिनिटं सोडूच नयेत. आपल्याकडे ‘शतपावली’ पूर्वापार आहेच की! पण आठवून बघा, शतपावलीला जायचं कोण? आमच्या घरी बाबा आणि काका अंगणात फेऱ्या मारायचे. आई आणि काकू त्या वेळी उष्टी-खरकटी काढत, झाकपाक करत असायच्या. घरात साखरेची सर्वात जास्त काळजी घ्यायला हवी होती ती आईनं, आणि नेमकी तीच ओट्याशी उभी!

म्हणून पावलं वाढवताना एक पथ्य मी पाळते. कुणी ‘जरा पाणी आण गं’ म्हटलं, तर ती फेरी माझ्या खात्यात धरायची नाही. ‘तेवढंच तुझं चालणं होईल’ हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो, त्याला अजिबात भुलू नका! सेवेतली पावलं वेगळी, आपल्या तब्येतीची वेगळी.

आमच्याकडे वाटणी झाली. रात्री जेवण आटोपलं की उरलेलं काढून ठेवणं आणि ओटा पुसणं हे यांच्याकडे आणि लेकीकडे. पहिले आठ दिवस आमटीचं पातेलं कधी कुठल्या झाकणाखाली, कधी उघडंच. मी बोलले नाही, चपला घालून खाली उतरले. दहा मिनिटांत हजार पावलं झाली, आणि दिवसाची बेरीज झाली सात हजार.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. आकडा काय येईल तो येवो. सध्या सोसायटीच्या आवारात शेजारच्या दोघी सोबत यायला लागल्यात. त्यांच्याही घरी आता ओटा दुसरंच कुणीतरी पुसतंय!