छंदाच्या दुकानातून रणांगणावर

१९६९ साली सुएझ कालव्याच्या दोन काठांवर इजिप्त आणि इस्राएलच्या फौजा एकमेकींसमोर ठाकल्या होत्या. मधले पाणी जेमतेम दोनशे मीटर रुंद, तरीही पलीकडच्या काठामागे काय शिजते आहे ते इस्राएलला नीट कळत नव्हते. टेहळणीची जेट विमाने क्षेपणास्त्रांच्या धाकाने फार उंचावरून उडत. तेवढ्या उंचीवरून काढलेल्या छायाचित्रांत खंदक आणि तारा यांसारखे बारकावे हरवून जात.

लष्करी गुप्तचर विभागातील मेजर शबताई ब्रिल यांनी त्यावर सुचवलेला उपाय वरिष्ठांना पोरखेळ वाटावा असाच होता. रेडिओवर चालणारी खेळण्यातली विमाने आणायची, त्यांच्या पोटाला कॅमेरा बांधायचा आणि ती कालव्यापार धाडायची. अमेरिकेतून तीन विमाने, पाच इंजिने आणि सहा रिमोट आणण्यात आले. सगळा खर्च ८५० डॉलर! ठरावीक वेळाने आपोआप छायाचित्र टिपणारा जर्मन कॅमेरा विमानाला बसवला. एवढे चिमुकले विमान शत्रूच्या तोफांना टिपता येईल का, ही शंका होतीच. म्हणून ते आधी सिनाईत आपल्याच विमानविरोधी तोफांवरून उडवून पाहिले. तोफांनी मारा केला, पण विमानाला ओरखडाही उठला नाही.

त्याच वर्षी जुलैत इस्माइलियाजवळ पहिली मोहीम झाली. एकाच्या हाती रिमोट, तर दुसरा मोठ्या दुर्बिणीतून ठिपक्याएवढ्या विमानाचा माग काढतो आहे, अशी ही दोघांची कामगिरी. हाती आलेल्या छायाचित्रांत इजिप्तचे खंदक आणि दळणवळणाच्या तारासुद्धा स्पष्ट दिसत होत्या. आज ज्याला आपण लष्करी ड्रोन म्हणतो, त्याच्या इतिहासातले हे एक महत्त्वाचे पान आहे.

त्यापुढची हकिकत मात्र चटका लावणारी आहे. प्रयोग यशस्वी झाल्यावर तो अधिकृत यंत्रणेकडे गेला. तिथे ‘सुधारित’ विमाने बनवण्याचा घाट घातला गेला, ती कोसळत राहिली आणि काम गुंडाळले गेले. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्तच्या सैन्याने कालवा ओलांडला तेव्हा इस्राएल बेसावध सापडला. ती साधी विमाने उडत राहिली असती तर हल्ल्याची तयारी आधीच नजरेस पडली असती, असे ब्रिल यांचे ठाम मत होते. युद्धानंतर इस्राएलने मास्टिफ आणि स्काउट ही टेहळणी विमाने घडवली. १९८२ साली लेबनॉनच्या बेका खोऱ्यात सीरियाच्या क्षेपणास्त्र तळांवर त्यांनीच नजर ठेवली.

छंदाचे हे लष्करी नाते खरे तर त्याहूनही जुने. इंग्लंडमध्ये जन्मलेला हॉलीवूडचा नट रेजिनाल्ड डेनी याला विमानांच्या प्रतिकृतींचा भारी नाद. १९३०च्या दशकात त्याने हॉलीवूडमध्ये त्यांचे दुकानच थाटले. पुढे त्याच्या रेडिओप्लेन कंपनीने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी तोफचींना नेमबाजीच्या सरावासाठी हजारो रेडिओनियंत्रित विमाने पुरवली. त्याच कारखान्यात काम करणाऱ्या नॉर्मा जीन नावाच्या तरुणीची छायाचित्रे लष्करी छायाचित्रकाराने टिपली. तीच पुढची मेरिलिन मन्‍रो.

जमिनीवरच्या खेळण्यांनीही सैनिकांचे प्राण वाचवले आहेत. २००७ साली एका अमेरिकी सैनिकाला त्याच्या भावाने रिमोटवर धावणारा छोटा ट्रक पाठवला. त्यावर बिनतारी कॅमेरा बसवलेला होता. अफगाणिस्तानात गस्तीच्या गाड्यांपुढे हा ट्रक रस्ता तपासत जाई आणि सैनिक मागून पडद्यावर पाहत. २०११ साली त्याने वाटेत आडवी लावलेली सुरुंगाची तार ओढली आणि सुमारे सव्वादोनशे किलो स्फोटके उडाली. ट्रकच्या चिंधड्या झाल्या, पण मागचे सहा सैनिक सुखरूप राहिले. असे काम करणारी खास लष्करी यंत्रेही असतात. पुण्याजवळ दिघीच्या डीआरडीओ संस्थेत घडलेले ‘दक्ष’ जिने चढते, संशयास्पद वस्तू उचलते आणि स्फोटके निकामी करते. पण त्याचे वजन साडेतीनशे किलोच्या घरात आहे. गस्त घालणाऱ्या तुकडीला पाठपिशवीत मावणारे काहीतरी हवे असते, आणि ती गरज छंदाच्या दुकानाने भागवली.

मग बाजारात चार पंख्यांचे ड्रोन आले. चीनमधल्या शेन्झेनच्या डीजेआय कंपनीचे फँटम २०१३ साली विक्रीला आले आणि हवाई चित्रीकरण लग्नसमारंभापर्यंत पोचले. २०१६-१७मध्ये मोसुलच्या लढाईत आयसिसच्या दहशतवाद्यांनी अशाच ड्रोनमधून हातबॉम्ब टाकले. टेहळणीचे साधन शस्त्र व्हायला किती थोडा अवधी लागतो, हे तिथे जगाला दिसले.

युक्रेनमध्ये तर या साधनाने युद्धाची रीतच पालटली. २०१४ साली तिथल्या हौशी ड्रोनचालकांनी आणि तंत्रज्ञांनी ‘एरोरोझ्विद्का’ नावाचा गट उभारला. २०२२च्या रशियाच्या आक्रमणानंतर मॅव्हिक ३ हे किलोभरापेक्षाही कमी वजनाचे ड्रोन खंदकाखंदकांत पोचले. चालक तळघरात बसलेला असतो. ड्रोन दूरवर आकाशात स्थिरावून झाडीतला रणगाडा पडद्यावर दाखवते. ठिकाण तोफखान्याला कळवले जाते, पहिला गोळा पडतो, तो किती चुकला हे चालकाला लगेच दिसते आणि दुसऱ्या गोळ्याची दुरुस्ती होते. पूर्वी याच कामासाठी निरीक्षकाला जीव मुठीत घेऊन टेकडीवर चढावे लागे.

पण चालकही सुरक्षित नसतो. ड्रोन आणि रिमोट सतत रेडिओ लहरी सोडतात. त्यांचा माग काढून चालकाचा ठावठिकाणा शोधता येतो, म्हणून चालक जागा बदलत राहतात. लहरींमध्ये अडथळा आणला की ड्रोन भरकटते. युक्रेन महिन्याला सुमारे दहा हजार ड्रोन गमावतो, असा अंदाज लंडनच्या रुसी या अभ्याससंस्थेने २०२३ साली मांडला होता. लहरींमधला हा अडथळा (जॅमिंग) चुकवण्यासाठी आता काही ड्रोन केसासारखी बारीक ऑप्टिकल फायबर मागे उलगडत उडतात. पुरवठ्याची दोरीही दुसऱ्याच्या हाती असते. डीजेआयने एप्रिल २०२२मध्ये रशिया आणि युक्रेन या दोन्ही देशांतली विक्री थांबवली आणि सप्टेंबर २०२३पासून चीनने ड्रोनच्या निर्यातीवर बंधने घातली.

भारतासाठी हा दूरचा विषय नाही. जून २०२१मध्ये जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली. पंजाबच्या सीमेवर ड्रोनमधून येणारे अमली पदार्थ सीमा सुरक्षा दल सतत पकडते आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये सरकारने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. आपल्याकडे या आव्हानाचे उत्तरही छंदातूनच उगवले. ड्रोन उडवण्याच्या ध्यासाने एकत्र आलेल्या आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी आयडियाफोर्ज उभी केली. ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात दिसलेले ड्रोन त्यांचेच होते. आज नवी मुंबईतली ही कंपनी लष्कराला टेहळणी ड्रोन पुरवते, तर नागपूरच्या सोलर उद्योगसमूहाने ‘नागास्त्र’ हे लक्ष्यावर घिरट्या घालून आदळणारे अस्त्र लष्कराच्या हाती दिले आहे.

या साऱ्या इतिहासातून मला एकच गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. पलीकडे काय आहे हे पाहण्याची वाट बहुतेक वेळा हौशी माणसाने आधी दाखवली आणि व्यवस्था मागून आली. जिथे व्यवस्थेने त्याचे ऐकले तिथे सैनिकांचे प्राण वाचले, जिथे कानाडोळा केला तिथे किंमत मोजावी लागली. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवले जाते, अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुले रात्र रात्र जागून ड्रोन जुळवतात. बाल्साच्या लाकडाचे पंख तासणाऱ्या आणि मोटरची जळालेली गुंडाळी बदलणाऱ्या या हातांना मैदान, सुटे भाग आणि कायद्याची सोपी वाट मिळाली पाहिजे. मोटर, बॅटरी आणि नियंत्रणाची चिप आपल्याच देशात घडली पाहिजे. सीमेवरच्या तुकडीला बिघडलेले ड्रोन तिथल्या तिथे दुरुस्त करता आले पाहिजे. मुलांचा हा नाद जपण्यावर होणारा खर्च हा संरक्षणावरचाच खर्च आहे, आणि तो युद्ध दारात येण्याआधी करायचा असतो.