कालचं बाळ आणि आजचं बाळ

दरवर्षी १५ ते २१ नोव्हेंबर हा नवजात शिशू सप्ताह. दवाखान्यात फलक लागतात, गुबगुबीत बाळांचे फोटो झळकतात, भाषणं होतात आणि बावीस तारखेला फलक उतरतात. चंद्रपूर-गडचिरोलीकरांनी हा सप्ताह जरा वेगळ्या ऐटीत साजरा करायला हरकत नाही. नवजात बाळाला घरच्या घरी कसं जपावं, याचा धडा देशाला मिळाला तो याच जंगलपट्ट्यातून.

आता बाळंतपण दवाखान्यात होतं. दोन-तीन दिवसांत सुटी मिळते, गाडी सिंदेवाहीच्या नाहीतर धानोऱ्याच्या रस्त्याला लागते आणि आई-बाप पहिल्यांदाच बाळासोबत एकटे पडतात. एकटे म्हणजे आजी, आत्या, शेजारीण आणि व्हॉट्सअ‍ॅप यांच्या गराड्यात एकटे! बाळ शिंकलं की सर्दी, उचकी लागली की पाणी पाजा, झोपेत दचकलं की नजर. यातल्या बहुतेक गोष्टी निखालस नॉर्मल आहेत. शिंका नाक मोकळं करण्यासाठी येतात, उचकी आपोआप थांबते, दचकणं वाढत्या मज्जासंस्थेचं लक्षण आहे. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट चालते आणि दहा-चौदा दिवसांत ती भरून निघते. पहिली शी काळी, मग हिरवट, मग पिवळी. अंगावरचं दूध पिणारं बाळ दिवसातून आठ-दहा वेळा पातळ शी करू शकतं, त्याला जुलाब म्हणत नाहीत. मुलीला चौथ्या-पाचव्या दिवशी रक्ताचा डाग दिसला, किंवा बाळाची छाती थोडी सुजून थेंबभर दूध आलं, तर ती आईच्या संप्रेरकांची करामत. छाती पिळायची मात्र नाही. पाठीवरचे निळसर डाग मारल्याचे नव्हेत, ते जन्मजात असतात आणि पुढे विरतात.

दूध पुरतं का, हा सगळ्यात मोठा घोर. त्याचं उत्तर लंगोटात असतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरतंय. पहिला पिवळसर चीक फेकायचा नाही. सहा महिने वरचं पाणी नाही, घुटी नाही, मध तर अजिबात नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या घरात जातो, तेव्हा हा नियम पाळणं आजीला क्रूरपणाचं वाटतं. पण आईच्या दुधात पाणीच सर्वाधिक असतं. उन्हाळ्यात जास्त वेळा पाजायचं आणि पाण्याचा तांब्या आईच्या हातात द्यायचा.

एवढं सांगूनही धास्ती राहतेच, कारण खरा प्रश्न वेगळा असतो: घाबरायचं कधी? त्याचं उत्तर गडचिरोलीने दिलं, म्हणून जरा सविस्तर.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ मध्ये गडचिरोलीच्या ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरोघर जाऊन नोंद ठेवली. निम्म्याहून अधिक बाळांना कधी ना कधी उपचारांची गरज पडली होती, आणि उपचार मिळाले होते अवघ्या २.६ टक्क्यांना. मग गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं आणि जंतुदोष ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देणंसुद्धा त्या शिकल्या. खेड्यातली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार म्हटल्यावर शहरातल्या डॉक्टरांच्या भुवया उंचावणं स्वाभाविक होतं. पण जंतुदोष झालेल्या बाळांमधला मृत्यूंचा वाटा १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आला. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास उतरला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास छापला, तेव्हा भुवया खाली आल्या.

मला या कामात सगळ्यात जास्त आवडतं ते त्यांचं निदानाचं तंत्र. ना रक्ततपासणी, ना यंत्र. आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण झालं किंवा थांबलं. आधी ओढून पिणारं आता पीत नाही. बाळ मलूल पडलं. अंग ९९ फॅरनहाइटच्या वर किंवा ९५ च्या खाली. बेंबीत वा कातडीवर पू. पोट फुगलं किंवा उलट्या थांबत नाहीत. कण्हणं किंवा छाती आत ओढली जाणं. यांपैकी दोन लक्षणं एकाच वेळी दिसली की आरोग्यदूत उपचार सुरू करायची. (आई-बापांनी दुसऱ्या लक्षणाची वाट पाहू नये, एकावरच दवाखाना गाठावा.) यादीतली पहिली दोन लक्षणं पाहा. बाळाची तुलना पुस्तकातल्या बाळाशी नाही, त्याच्याच कालशी आहे. आणि कालचं बाळ डॉक्टरांनी पाहिलेलं नसतं, आईने पाहिलेलं असतं. “ताई, काल चांगलं पीत होतं, आज पिऊनच नाही राह्यलं,” असं एखादी बाळंतीण म्हणते, तेव्हा अर्धं निदान तिने केलेलं असतं. तिला ‘पहिलटकरीण आहे, घाबरते’ म्हणून गप्प बसवणाऱ्यांची मला चीड येते, मग ते घरातले असोत की पांढऱ्या कोटातले.

श्वासाचंही तसंच. नवजात बाळ भरभर श्वास घेतं, मध्येच पाच-दहा सेकंद थांबतं, पुन्हा सुरू होतं. रात्री दोन वाजता हे पाहून बापाचा जीव कासावीस होतो. म्हणून बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजायचं. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही तेवढेच भरले तर निघायचं. ज्यांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं अशा दाईंसाठी बंगांनी मण्यांचं साधन केलं होतं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटाच्या घड्याळातली वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर न्यूमोनिया. बाळाची नाडी आणि प्राणवायू मोजण्याचा दावा करणाऱ्या महागड्या मोज्यांच्या जाहिराती पाहिल्या की मला ते मणी आठवतात.

थंडीच्या दिवसांत बाळाचे तळपाय तपासत चला. पोट गरम पण तळपाय गार असतील, तर बाळ ऊब टिकवायला झगडतंय, त्याला उघड्या अंगाने आईच्या छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर दवाखाना. बंद खोलीतली शेगडी नको, तिचा धूर बाळाच्या छातीत जातो. बेंबीला हळद, राख, तेल काही नको. ती कोरडी ठेवली की आपसूक गळते. कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसून ओसरली तर ठीक. पहिल्याच दिवशी दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर थांबू नका.

२०११ पासून हीच पद्धत देशभर आशाताई राबवतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी, आणि त्या सगळ्यांचं मानधन ठरलं अडीचशे रुपये. ताई आली की तिला चहा पाजून बोळवण करू नका, वजन करायला लावा, आकडा लिहून घ्या. गडचिरोलीच्या आरोग्यदूतांकडे असलेली सुई मात्र सरकारने आशाताईंच्या हाती दिली नाही. जेंटामायसिनचा पहिला डोस देण्याची मुभा २०१४ मध्ये मिळाली ती नर्सताईंना, आणि नर्सताई दर गावात नसते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा रस्ता बंद होतो. त्या रात्री गावात आशाताई असते, तिच्या पिशवीत थर्मामीटर असतो, घड्याळ असतं, वजनकाटा असतो. सुई तेवढी नसते.