सोमवारी निघा, रविवारी पोहोचा

दक्षिण प्रशांत महासागरात सामोआच्या उपोलू बेटावर फालेओलो विमानतळ आहे, तर अमेरिकन सामोआच्या तुतुइला बेटावर पागो पागो. दोहोंतलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे 150 किलोमीटर. 19 आसनांचं ट्विन ऑटर ताशी 300 किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे हिशेब अर्ध्या तासाचा. धावपट्टी गाठणं, चढणं-उतरणं धरून फार तर पाऊण तास. पण सोमवारी सकाळी 10 वाजता फालेओलोहून निघालेला माणूस पागो पागोला उतरतो, तेव्हा तिथे रविवारचे पावणेअकरा वाजलेले असतात. घड्याळाला हात लावावा लागत नाही. फरक नेमका 24 तासांचा, त्यामुळे काटे तेच, फक्त तारीख आदल्या दिवसाची.

याचं मूळ भूगोलात कमी आणि वखारीत जास्त आहे. 1884च्या वॉशिंग्टन परिषदेने ग्रिनिचचं शून्य रेखावृत्त ठरवलं, पण वाररेषा कुठून जावी हे कोणत्याही करारात लिहिलेलं नाही. ज्याने त्याने आपला वार ठरवावा. 1892मध्ये सामोआचा व्यवहार अमेरिकेकडे झुकलेला होता, म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी 4 जुलै हा दिवस लागोपाठ दोनदा पाळला गेला. पुढे 1899च्या करारात जर्मनी आणि अमेरिकेने ही बेटं वाटून घेतली. पश्चिमेचा भाग जर्मनीकडून न्यूझीलंडकडे गेला आणि 1962मध्ये स्वतंत्र झाला. पूर्वेचा अमेरिकेकडेच राहिला.

विसाव्या शतकाअखेर स्वतंत्र सामोआचा माल, मजूर आणि मनिऑर्डरी ऑकलंड-सिडनीच्या वाटेने ये-जा करू लागल्या होत्या. इकडे शुक्रवार, तर तिकडे शनिवारची सुट्टी. तिकडे सोमवारी पेढ्या उघडाव्यात, तर इकडे रविवारची प्रार्थना. दोघांच्या कामाचे सामाईक दिवस आठवड्यात चारच उरत. म्हणून पंतप्रधान तुइलाएपा यांच्या सरकारने 2011 साली 29 डिसेंबरच्या गुरुवारनंतर थेट 31 तारखेचा शनिवार आणला. आपल्या पंचांगात तिथीचा क्षय चंद्राच्या गतीने होतो; इथे शुक्रवारचा क्षय सरकारी कायद्याने झाला. न उगवलेल्या त्या शुक्रवारचा पगार मात्र नोकरदारांना द्यावा लागला. शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टांपुढे वेगळाच पेच उभा राहिला: नव्या गणनेचा शनिवार पाळायचा, की जुन्या क्रमाने येणारा सातवा दिवस? त्यावरून मंडळींमध्ये मतभेद झाले.

अमेरिकन सामोआने आपला वार बदलला नाही. भाषा एक, नातीगोती एक, पण सोयरिकीचे बेत दोन तारखांत आखावे लागतात. तुतुइलाच्या पाहुण्याला उपोलूवर शनिवारी सकाळचं लग्न गाठायचं, तर गुरुवारीच निघालेलं बरं. शुक्रवारी सकाळी निघाला, तर उतरेल तेव्हा तिथे शनिवार उजाडलेला असेल आणि लग्नघटका जवळ आलेली असेल.