आधी कुत्र्याला विचारायचं

ब्रिटिश कोलंबियातल्या एका कॉलेजात परीक्षा जवळ आली की सभागृहात थेरपी डॉग येतात. तिथे रांग लागते, गलका होतो. ज्यांना गोंगाट सोसत नाही ते दारातूनच परत जातात. म्हणून स्वमग्नता किंवा एडीएचडी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक लहान खोली वेगळी ठेवलीय. ट्यूबलाइट बंद, एक लॅब्रॅडॉर, त्याच्या मालकीणबाई आणि एका वेळी एकच विद्यार्थी.

एक मुलगा आला, बोलला नाही. बाईंनीही हवापाण्याच्या गप्पा काढल्या नाहीत. मिटलेली मूठ कुत्र्यापुढे कशी धरायची ते फक्त दाखवलं. कुत्र्यानं हुंगलं आणि मुलाच्या गुडघ्याला टेकून बसला. मग मुलगा त्याच्या पाठीवरून एकाच लयीत हात फिरवत राहिला.

बाईंची नजर मात्र कुत्र्यावरून हलत नव्हती. खरं कसब तिथे आहे. कुत्र्यानं जांभई दिली, ओठ चाटले, मान वळवली. "त्याला जरा थांबायचंय," बाई म्हणाल्या. मुलानं हात काढला आणि पहिल्यांदाच बोलला, "आणखी कोणत्या खुणा असतात?" बाईंनी कान, शेपूट, डोळ्यांतला पांढरा भाग, सगळं सावकाश सांगितलं. तो वहीत उतरवून घेत होता. मला हे फार मोलाचं वाटलं. माणसांच्या खुणा त्याला इतक्या सरळपणे कुणी उलगडून सांगत नाही, वर त्या कळल्या नाहीत म्हणून दोष मात्र देतात.

याच प्रांतात केलोनाच्या विद्यापीठात जॉन-टायलर बिनफेट यांनी २०१२ साली 'बार्क' हा थेरपी डॉगचा उपक्रम सुरू केला. त्यांनी सहकाऱ्यांसह २८४ विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात कुत्र्याला हात लावणाऱ्यांना सर्वाधिक फायदा झाला. पण तो अभ्यास सरसकट विद्यार्थ्यांचा. स्वमग्न मुलांना तो जसाच्या तसा लावू नये. आणि परीक्षेला जादा वेळ, शांत खोली नाकारायची अन् कुत्रा आणून ठेवायचा, हे तर मुळीच होऊ नये.

पुढची मुलगी आली. तिला कुत्र्याच्या केसांचा वास सहन होईना. खुर्ची दाराशी ओढून ती लांबूनच बघत बसली. बाईंनी एकदाही "हात लावून तर बघ" म्हटलं नाही. तिची वेळ पूर्ण होईपर्यंत कुत्रा, बाई आणि ती आपापल्या जागी होते, आणि बाईंच्या वहीत तिची पुढच्या आठवड्याची वेळही लिहिली गेली.