चूक कागदावर, भुर्दंड तिघांना

डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मच्छीमारांचा विरोध शमलेला नाही, आणि त्यांचे प्रश्न खरे आहेत. पण बंदर उभं राहिलं, तर कस्टमचे कागद इथल्या तरुणांच्या हाती येतील. तलासरीवरून वापीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या आयात मालामागे हे कागद आजही असतातच.

या कागदांमागचा सीमाशुल्क कायदा १९६२ सालचा. कागदात चूक झाली, तर भुर्दंड आयातदार, वाहतूकदार आणि ब्रोकर अशा तिघांना पडू शकतो. त्यात आयातदारावर सगळ्यात मोठा भार आहे. जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ‘बिल ऑफ एंट्री’, म्हणजे आयात मालाचं विवरणपत्र, भरली नाही, तर साधारणपणे पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि पुढे रोज १० हजार रुपये आकार लागतो. हा झाला नुसता उशीर. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन १० लाखांचं शुल्क बुडवलं, तर शुल्क, व्याज आणि वर तेवढाच दंड. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सगळं भरलं, तर दंड १५ टक्के, म्हणजे दीड लाख. लढत बसून आदेश विरोधात गेला, तरी त्यानंतरच्या ३० दिवसांत भरणाऱ्याला २५ टक्के, अडीच लाख. लवकर कबुली मिळावी म्हणूनच ही उतरंड आहे.

जहाजातून उतरायचा माल कमी भरला आणि समाधानकारक खुलासा झाला नाही, तर वाहतूकदाराला त्या मालावरच्या शुल्काच्या दुपटीपर्यंत दंड होतो.

आयातदाराच्या वतीने कागद भरणाऱ्या कस्टम ब्रोकरला परवान्याच्या नियमांखाली होणारा दंड ५० हजारांपर्यंतच. पण परवाना रद्द झाला, तर धंदाच बुडतो. म्हणून आयातदार दिलेल्या पत्त्यावर खरंच आहे का, हे त्याने आधीच तपासायचं असतं.