एक पैसा, एक पेनी: पोरांना गुंतवणूक शिकवायची तर इतिहासातून

आजचा भाग पहिला पगार हातात आलेल्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठीसुद्धा. चाकणला नोकरी लागते, मोबाइलवर डीमॅट खातं उघडतं आणि ऑप्शनच्या टिप्स सुरू होतात. सेबीचा २०२४ चा अहवाल सांगतो, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. नुसतं "नको करूस" म्हटलं तर कोण ऐकतंय? गोष्ट सांगितली तर ऐकतात. चला, तीन गोष्टी सांगूया.

१. तळेगावचा पैसा फंड

अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती: प्रत्येकाने एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं. १९०८ मध्ये आपल्या तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. तेव्हा रुपयाचे पैसे ६४. म्हणजे ६४ माणसांचा मिळून एक रुपया!

आता मुलांना विचारा, पैसा देणाऱ्याला परत काय मिळालं? व्याज नाही, लाभांश नाही. ती देणगी होती. देशात काचेचे कारागीर तयार झाले, हेच तिचं फळ. बचतीत मुद्दल सांभाळायचं असतं. गुंतवणुकीत वाढीच्या आशेने जोखीम घ्यायची असते. तिन्ही गोष्टी वेगळ्या.

२. अमेरिकेतल्या दोन बँका

तिकडेही गरिबांनी नाणं नाणं जमवलं. १८६५ मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक निघाली. लोकांना वाटलं, मागे सरकार आहे. तशी हमी नव्हतीच! कारभाऱ्यांनी ठेवी जोखमीच्या कर्जांत घातल्या. १८७४ मध्ये बँक बंद पडली आणि साठ हजारांवर खातेदारांचे पैसे अडकले.

धडा काय? "मोठी माणसं आहेत मागे" ही हमी नव्हे. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. पैसे ठेवण्याआधी हे विचारायचंच.

त्या धक्क्यानंतरही लोक थांबले नाहीत. १९०३ मध्ये रिचमंड शहरात मॅगी लीना वॉकर यांनी सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. त्यांची आई पूर्वी गुलामगिरीत होती. इथे ठेवीही समाजाच्या आणि कारभारही समाजाच्या हातात.

३. बाबासाहेबांचा रुपया

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बंगला तळेगावात आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यांचा १९२३ चा ग्रंथ 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' चलनावर आहे, हे किती पोरांना ठाऊक? त्यांचा भर कशावर होता? परदेशी चलनात रुपयाचा भाव काय, यापेक्षा त्या रुपयात बाजारात काय येतं, ते स्थिर राहणं सामान्य माणसासाठी जास्त महत्त्वाचं.

हे घरात असं सांगा: ठेवीवर ५ टक्के व्याज आणि महागाई ६ टक्के, तर पासबुकातला आकडा वाढतो, पिशवीतला किराणा घटतो. म्हणून बचतीच्या पुढे जाऊन गुंतवणूक शिकायची. टिप्सच्या नादाने नव्हे.

मग कुणी स्कीम घेऊन आलं की पोरांनी तीनच प्रश्न विचारावेत: ही बचत आहे की गुंतवणूक? पैसा कुणाच्या हातात जाणार, आणि बुडाला तर हमी कुणाची? महागाई वजा जाता उरणार किती?

सरळ उत्तर मिळालं नाही, तर पैसे खिशातच राहू द्या. भेटूया पुढच्या भागात!